अनिच्छेने स्वीकारलेला अधिकार

अधिकाराची हाव धरणाऱ्याच्या हाती अधिकार देऊ नये, आणि ज्याला त्याची हाव नाही त्यालाच तो आग्रहाने द्यावा, हा विचार जगाला नवीन नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिसच्या मुखाने असे प्रतिपादन केले आहे की, सज्जन माणसे द्रव्यासाठी अथवा मानासाठी राज्यकारभार पत्करीत नाहीत, आपण नकार दिला तर आपल्याहून हीन माणसाच्या अंमलाखाली राहावे लागेल, या भयानेच ती तो पत्करतात. विचार म्हणून हे सर्वांना मान्य होते. परंतु निवडणुका, अर्ज, वशिले आणि शिफारशी यांवर ज्यांचा कारभार चालतो अशा आपल्या बहुतेक सार्वजनिक संस्थांत त्याला व्यवहाराचे रूप क्वचितच मिळाले. ते रूप देण्याचा एक प्रदीर्घ, आणि माझ्या मते मनापासून अभ्यासावा असा, प्रयोग अमेरिकेतील मॉर्मन पंथाने गेली जवळजवळ दोनशे वर्षे चालविला आहे.

मॉर्मन हे लोकांनी पाडलेले नाव. ते वापरू नये अशी अलीकडे या पंथाची इच्छा आहे, आणि मी ते केवळ ओळख पटावी म्हणून वापरतो. पंथाचे स्वतःचे नाव ‘येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी’ असे आहे. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फायेट येथे जोसेफ स्मिथ यांनी तिची स्थापना केली. १८४४ मध्ये इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली छळाने गांजलेले अनुयायी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसले. आज तिचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आणि सुमारे ३१ हजार स्थानिक मंडळ्या जगभर आहेत, आणि त्यांपैकी एकाही स्थानिक मंडळीला पगारी धर्मगुरू नाही. कोणी दंतवैद्य, कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी विमा उतरविणारा, असा कोणीतरी गृहस्थ आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी त्या मंडळीचा सारा कारभार पाहतो, आणि त्यालाच बिशप म्हणतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढविणारे मिट रॉम्नी हे बॉस्टनजवळ आपला व्यवसाय करीत असतानाच असे बिशप होते. अगदी वरच्या पायरीवरील, सारा वेळ मंडळीला देणाऱ्या थोड्या अधिकाऱ्यांना निर्वाहभत्ता मिळतो. बिशपला काहीही मिळत नाही.

या पदासाठी अर्ज करता येत नाही, उमेदवारी जाहीर करता येत नाही, आणि आपल्याला ते मिळावे असे कोणी उघड बोलून दाखविले तर ते अत्यंत अनुचित समजले जाते. अनेक मंडळ्या मिळून जो विभाग होतो त्याला स्टेक म्हणतात. त्या स्टेकचा अध्यक्ष प्रार्थनापूर्वक नाव ठरवितो, सॉल्ट लेक सिटीतील सर्वोच्च अध्यक्षमंडळाची मंजुरी मिळवितो, आणि मग एखाद्या संध्याकाळी त्या गृहस्थाला पत्नीसह भेटीस बोलावतो. भेटीचे कारण आधी सांगितलेले नसते. पाचारण ऐकल्यावर पुष्कळांचा पहिला उद्गार हा आपल्या अपात्रतेचाच असतो. तथापि बहुतेक जण होकार देऊनच घरी परततात. पुढच्या एखाद्या रविवारी भरलेल्या सभेपुढे नाव वाचले जाते, सदस्य उजवा हात वर करून पाठिंबा दर्शवितात, विरोध असल्यास त्याच खुणेने तो दर्शविण्याचीही विचारणा होते, आणि नंतर मस्तकावर हात ठेवून त्या माणसाला पदावर स्थापिले जाते. मुदत साधारण पाच वर्षांची. ती संपली की तितक्याच साधेपणाने पदमुक्ती होते, सभा हात वर करून आभार मानते, आणि कालचा बिशप दुसऱ्या आठवड्यात बालकांच्या वर्गात शिकवू लागला तरी त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

ज्या कामाची ही नेमणूक असते ते मात्र बाहेरून पाहणाऱ्याला वाटते त्याहून फार मोठे आणि फार निराळ्या जातीचे आहे. रविवारच्या उपासनेचे अध्यक्षपद हा त्याचा सर्वांत हलका भाग होय. महिन्याच्या पहिल्या रविवारी सदस्य दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेल्या अन्नाची किंमत, किंवा त्याहून अधिक रक्कम, गरिबांसाठी देतात. त्या निधीतून कोणाचे थकलेले घरभाडे भरावयाचे, कोणाच्या घरी धान्य पोचवायचे आणि कोणाला सहानुभूतीने पण ठामपणे नाही म्हणावयाचे, याचा निर्णय बिशपचा. दशमांशाचा वार्षिक जाब त्याच्यापुढे. मोडकळीला आलेला संसार, व्यसनात बुडालेला मुलगा, श्रद्धा गमावलेली आणि ते घरात बोलता न येणारी तरुणी, ही सारी त्याच्या लहानशा खोलीत येऊन बसतात. पापाची कबुली तो ऐकतो. मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी लागणारे शिफारसपत्र द्यावे की रोखावे हे प्रथम तोच ठरवितो. आणि त्या पत्रावाचून आईबापांना स्वतःच्या मुलीच्या मंदिरातील विवाहविधीलाही हजर राहता येत नाही, एवढे सांगितले म्हणजे त्याच्या सहीला काय किंमत आहे ते ध्यानात येईल. थॉमस मॉन्सन हे पुढे या पंथाचे अध्यक्ष झाले, परंतु १९५० मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते सॉल्ट लेक सिटीतील हजाराहून अधिक सदस्यांच्या एका मंडळीचे बिशप झाले होते. त्या मंडळीत ८० हून अधिक विधवा होत्या, आणि त्यांच्या घरी नाताळच्या सुमारास जाण्याचा परिपाठ त्यांनी पदमुक्त झाल्यावरही पुष्कळ वर्षे सोडला नाही. बाविसाव्या वर्षी आपल्या आजीच्या वयाच्या स्त्रीच्या दारिद्र्याचा आणि एकटेपणाचा भार ज्याच्यावर येतो, त्याने प्रथम मागे पाऊल घेतले तर ते भित्रेपणाचे लक्षण कोण म्हणेल?

या पंथाचे पहिले बिशप एडवर्ड पार्ट्रिज हे ओहायोतील पेन्सव्हिल येथील टोप्या बनविणारे व्यापारी होते. धंदा चांगला चालला होता, घरी पत्नी लिडिया आणि लहान मुली होत्या. फेब्रुवारी १८३१ मध्ये त्यांचे पाचारण झाले आणि व्यापार सोडून सगळा वेळ मंडळीच्या कामाला देण्याची आज्ञा झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते मिसुरीला गेले, आणि तेथेच राहावे लागणार असे दिसताच ऑगस्टमध्ये त्यांनी लिडियाला जे पत्र लिहिले त्यात हे पद आपल्या शक्तीबाहेरचे तर नाही ना, देवाला पसंत पडेल असे काम आपल्या हातून होईल की नाही, ही भीती त्यांनी मोकळेपणाने कळविली आहे. भीती कळविली, आणि मिसुरीतच राहिले. २० जुलै १८३३ रोजी इंडिपेन्डन्स गावच्या चौकात जमावाने त्यांच्या अंगाला डांबर फासून वर पिसे चिकटविली. तो अपमान त्यांनी प्रतिकार न करता सोसला. १८४० मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते नौवू येथे वारले. आपण असमर्थ आहोत ही त्यांची समजूत बरोबर होती की चूक, याचा निर्णय करण्याची मला आवश्यकता दिसत नाही. ती समजूत मनात जागी असतानाच त्यांनी काम केले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

ख्रिस्ती धर्माच्या जुन्या इतिहासात ही परंपरा आणखी मागे जाते. ३७४ मध्ये मिलान नगरात बिशपच्या निवडीवरून तंटा पेटला असता शांतता राखण्यासाठी आलेला सुभेदार अँब्रोस याच्याच नावाचा लोकांनी गजर केला. तो अद्याप बाप्तिस्माही न घेतलेला गृहस्थ होता, त्याने निसटून जाण्याचे यत्न केले, आणि अखेर थोड्याच दिवसांत त्याला बाप्तिस्मा देऊन बिशप करण्यात आले. नाझिआन्झसचा ग्रेगरी दीक्षा झाल्यावर पळून गेला आणि परत आल्यावर आपल्या पलायनाचे समर्थन करणारा निबंध त्याने लिहिला. जॉन क्रिसोस्टमने तर आपण पदापासून लपून का राहिलो हे सांगण्यासाठी एक सबंध संवादग्रंथ रचला. मॉर्मन पंथातही स्पेन्सर किंबल यांना १९४३ मध्ये प्रेषितपदाचे पाचारण झाले तेव्हा ॲरिझोनातील हा विम्याचा व्यवसाय करणारा मनुष्य इतका व्याकूळ झाला, की कोलोरॅडोतील बोल्डर गावाजवळच्या डोंगरात एकटा जाऊन रडत प्रार्थना करीत बसला.

आता येथे एक शंका उभी राहते, आणि ती क्षुद्र नाही. अनिच्छा हीच जर पात्रतेची खूण मानली गेली, तर माणसे अनिच्छेचा देखावा करू लागतील. मनात पद हवे असणारा ते नको म्हणण्याची रीत शिकून घेईल, आणि विनय हे महत्त्वाकांक्षेचेच वस्त्र होईल. असे कोठेही घडत नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु अनिच्छा खरी की खोटी हे पारखण्याचे साधन मॉर्मनांनी भाषणांत न ठेवता व्यवस्थेत ठेवले आहे. पगार नाही, मागण्याचा हक्क नाही, आणि मुदत संपली की पद, मान, खोलीची किल्ली सारे परत. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या म्हणजे देखाव्याचा मोबदला फारसा उरत नाही. पगार असता तर गरजू माणूस पदाला चिकटला असता. अर्जाची सोय असती तर लोभी माणूस पुढे सरसावला असता. मुदत नसती तर प्रारंभी खरोखर नाखूष असलेला सज्जन मनुष्यही दहाव्या वर्षी त्या खुर्चीला आपले वतन समजू लागला असता. १९५१ मध्ये रूबेन क्लार्क यांची सर्वोच्च अध्यक्षमंडळातील पहिल्या सल्लागाराच्या जागेवरून दुसऱ्या सल्लागाराच्या जागेवर नेमणूक झाली. मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत राहिलेले, वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेले हे गृहस्थ तक्रारीचा शब्द न काढता त्या खालच्या जागेवर बसले, आणि सेवा कोठे करावी यापेक्षा कशी करावी याला महत्त्व आहे, अशा अर्थाचे त्यांचे त्या वेळचे उद्गार आजही तेथे आदराने स्मरले जातात.

या व्यवस्थेचे सर्वांत समर्थ समर्थन यूजीन इंग्लंड या मॉर्मन निबंधकाराने १९८६ मध्ये केले. सदस्याने कोणत्या मंडळीत जावे हे या पंथात तो राहतो त्या जागेवरून ठरते. आवडीचा उपदेशक किंवा आपल्या मतांची माणसे शोधत तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे ज्यांची निवड आपण कधीही केली नसती अशा माणसांची सेवा करणे आणि त्यांच्याकडून सेवा घेणे त्याला भाग पडते. आणि इंग्लंड यांचे म्हणणे असे, की तत्त्वाने माणसावर प्रेम करणे सोपे असले तरी प्रत्यक्ष प्रेम शिकण्याची शाळा हीच, म्हणून ही त्रासदायक मंडळी तिच्या सिद्धान्तांइतकीच खरी आहे. इंग्लंड यांनी स्वतः लहान शाखेचे अध्यक्षपद आणि बिशपपद ही दोन्ही सांभाळली होती, त्यामुळे हा युक्तिवाद अनुभवातून आलेला आहे. मला तो पटतो. राजकारणात ज्याच्याशी आपले जन्मात जमले नसते अशा शेजाऱ्याच्या आजारपणात रात्री अकरा वाजता जाऊन बसणे हे पुस्तक वाचून साधत नाही, आणि स्वतःच्या इच्छेनेही बहुधा घडत नाही. कोणीतरी ते आपल्यावर सोपवावे लागते.

पण सोपविणाऱ्याच्या बाजूने हा युक्तिवाद जितका निर्दोष दिसतो तितका तो ज्याच्यावर सोपविले जाते त्याच्या घरातून पाहिला तर दिसत नाही. बिशपचे पद पुरुषालाच मिळते. त्याच्या पत्नीला पद नाही, आणि श्रमातील वाटा मात्र पूर्ण आहे. लहान मुले घेऊन ती रविवारी सभेत एकटी बसते, कारण पती समोरच्या मंचावर असतो. आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी तो मुलाखतीत गुंतलेला असतो. आणि शेजारणीच्या कोणत्या दुःखाने तो आज गप्प गप्प आहे हे तिला विचारता येत नाही, कारण ऐकलेले गुपित पत्नीलाही सांगावयाचे नसते. पाचारणाच्या भेटीला तिला सोबत बोलावतात, तिचा पाठिंबा विचारतात, ही चाल चांगली आहे. पण पती शेजारी बसलेला, समोर आदरणीय अधिकारी, नाव प्रार्थनेने ठरल्याचे सांगितलेले, सर्वोच्च मंजुरी आधीच आलेली, अशा स्थितीत ‘माझी तयारी नाही’ असे म्हणण्याचे बळ किती स्त्रियांना होईल? १८४२ मध्ये नौवू येथे स्थापन झालेल्या रिलीफ सोसायटीच्या द्वारे या पंथातील स्त्रियांनी कर्तबगारीची मोठी परंपरा निर्माण केली आहे. ज्या पंथाने स्त्रियांच्या हाती एवढे काम सोपविले त्याने त्यांच्या संमतीचे मोलही तेवढेच मानावे, अशी अपेक्षा अवाजवी नव्हे.

हीच अडचण पतीच्या होकारालाही लागू आहे. पाचारण ईश्वराकडून येते ही ज्याची श्रद्धा, त्याच्या दृष्टीने नकार हा अध्यक्षाला दिलेला राहत नाही, तो ईश्वराला दिलेला होतो. या श्रद्धेचा मी अनादर करीत नाही. तिच्याच बळावर पार्ट्रिजसारखा मनुष्य डांबर सोसतो. परंतु जेथे ‘नाही’ म्हणता येत नाही तेथे ‘हो’ म्हणण्यालाही नैतिक मूल्य उरत नाही. बायबलमधील मोशेने आपण बोलण्यात जड आहोत अशी सबब सांगितली, पुन्हापुन्हा सांगितली, आणि ईश्वराने रागावूनही त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले व अहरोनाला त्याच्या साह्याला दिले. ज्या ग्रंथाला हा पंथ प्रमाण मानतो त्यात वाटाघाटीला एवढा अवकाश आहे, हे विसरू नये.

अधिक गंभीर प्रश्न अधिकाराच्या स्वरूपाचा आहे. बिशपला धर्मशास्त्राचे वा मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसते. तरी तो कबुली ऐकतो, पश्चात्तापाचा मार्ग सांगतो, सदस्यत्वावर निर्बंध घालतो. सदिच्छा हे ज्ञानाच्या जागी चालत नाही. विशेषतः लहान मुलांच्या शोषणाच्या प्रकरणांत, घरातील मारहाणीच्या प्रकरणांत, भल्या पण अननुभवी बिशपच्या सल्ल्याने पीडितांची हानी झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत न्यायालयांपर्यंत गेल्या आहेत. अल्पवयीन मुलामुलींना बंद दाराआड एकट्याने बोलावून त्यांच्या शीलाविषयी प्रश्न विचारण्याच्या प्रथेविरुद्ध टेक्सासमधील सॅम यंग या माजी बिशपने जाहीर मोहीम चालविली. मार्च २०१८ मध्ये मुलाची इच्छा असल्यास दुसरी प्रौढ व्यक्ती मुलाखतीला हजर राहू शकेल असा नियम मंडळीने केला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यंग यांना बहिष्कृत केले. या दोन घटना एकत्र वाचल्या म्हणजे दिसते ते असे: एक मनुष्य पदावर असताना ज्या गोष्टीने त्याला कदाचित थोडेही अस्वस्थ केले नसेल, तीच पदाबाहेर आल्यावर त्याला असह्य झाली, आणि संस्थेने त्याची सूचना अंशतः स्वीकारून त्याला मात्र दूर लोटले. माझ्या मते हा अन्याय होता.

येथे माझ्या म्हणण्याचा गाभा येतो. पद स्वीकारताना वाटलेली अनिच्छा ही जिंकून टाकण्याची दुर्बलता आहे, असे सामान्यतः समजले जाते. पाचारण झाले, अश्रू आले, होकार दिला, मस्तकावर हात ठेवले गेले आणि शंका मिटली, असा त्या कथेचा क्रम असतो. मला हा क्रम धोक्याचा वाटतो. दुसऱ्याच्या अंतःकरणाचा न्याय करण्यास आपण अपुरे आहोत ही जाणीव पाचारणाच्या रात्री खरी असेल, तर ती तिसऱ्या वर्षीही खरीच असते, आणि शिफारसपत्र रोखताना तर ती सर्वांत अधिक खरी असते. जो बिशप ती जिवंत ठेवतो तो ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ असे म्हणून वैद्याकडे किंवा पोलिसांकडे जातो, मुलाखतीत जेवढे विचारणे अवश्य आहे तेवढेच विचारतो, आणि गरिबाला मदत देताना तो उपकार करीत आहे असे भासू देत नाही. ज्याची शंका हस्तस्पर्शाने कायमची मिटली तो आपल्या प्रत्येक अंदाजाला प्रेरणा समजू लागतो. दोघेही प्रामाणिक, दोघेही विनावेतन, दोघेही थकलेले. पण मंडळीला त्यांच्यातील फरक जन्मभर भोगावा लागतो.

लहान शाखांत हा भार आणखी केंद्रित होतो. भारताशी या पंथाचा संबंध जुना आहे. १८५२ मध्ये मुंबईस आलेले ह्यू फिंडले यांनी पुण्याच्या छावणीतील थोड्या लोकांची एक छोटी शाखा उभी केली होती, ती टिकली नाही. आज हैदराबादला स्टेक आहे आणि बेंगळुरूला मंदिर बांधण्याचे २०१८ मध्ये घोषित झाले. ज्या गावी पन्नास सदस्य आहेत तेथे निवडीला वावच कितीसा असणार? तीच चार माणसे आलटून पालटून सारी पदे वाहतात, आणि पदमुक्ती ही केवळ एका ओझ्याऐवजी दुसरे घेण्याची क्रिया ठरते. अशा ठिकाणी नकाराला अधिक जागा हवी, कारण तेथे तो देणे सर्वांत अवघड असते.

तेव्हा ज्याला पाचारण झाले आहे आणि ज्याचे मन कचरते आहे, त्याने ते स्वीकारावे असेच मी म्हणेन; पगाराविना, मागणीविना आणि मुदतीच्या बंधनाने केलेली माणसांची सेवा आजच्या जगात दुर्मीळ आहे, आणि तिची व्यवस्था इतक्या मोठ्या प्रमाणावर उभी करणाऱ्या पंथाविषयी मला आदर आहे. पण पाचारण करणाऱ्यांकडे माझे मागणे आहे. ज्या संध्याकाळी विचारता त्याच संध्याकाळी उत्तर घेऊ नका. आठवडाभराचा अवधी द्या. पत्नीचे मत तिला एकटीला, पतीच्या गैरहजेरीत विचारा. कबुली ऐकण्यापूर्वी शोषण आणि हिंसा यांच्या बाबतीत काय करावे व काय करू नये याचे नीट शिक्षण द्या. आणि नकार आला, तर तो दप्तरात किंवा मनात कोठेही त्या माणसाच्या नावापुढे नोंदवून ठेवू नका.